तीस सप्टेंबर आणि पडलेलं गावकुस



30 सप्टेंबर आला की सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी या पट्ट्यातली माणसं गप होतात. फुलं वाहिली जातात, पुढाऱ्याचं भाषण होतं, फोटो निघतो. मी त्या पहाटेनंतर जन्मलो. माझ्या वाट्याला भूकंप आला तो आजीच्या तोंडून. आणि आजी भूकंप सांगता सांगता मधीच हसायची. लहानपणी मला तिचा राग यायचा. मेलेल्यांच्या दिवशी हसतीस? तिनं कधी उत्तर दिलं नाही. हा लेख म्हणजे तिच्या हसण्याचा शोध आहे, दुसरं काही नाही.

1993 साल. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून माणसं उशिरा झोपली. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. मी सूतगिरणीत रात्रपाळीला असतो तेव्हा त्या सुमाराला मशिनीनं पायाखालची फरशी थरथरते, आणि दर वेळी ही वेळ आठवते. 6 रिश्टरच्या वरचा धक्का. उस्मानाबाद आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे 10 हजार माणसं गेली. किल्लारीची जमीन 1992 पासूनच गुरगुरत होती, पण सरकारी नकाशात हा सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. काहींनी माकणीच्या धरणाकडं बोट दाखवलं, काही म्हणाले गावात पाप वाढलं. पाप कुणाचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

खरं कारण डोक्यावर होतं. जुनं घर म्हणजे गोल दगडांची, मातीत रचलेली, दोन-दोन हात जाड भिंत. वर लाकडाचे खण आणि त्यावर मातीचं माळवद. दर पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात गारवा, आणि गावात मान. जितका वाडा मोठा तितकं मातीचं वझं जास्त. जमीन हलल्यावर भिंती उकलल्या आणि ते वझं झोपलेल्या माणसांवर आलं. दगडाखाली कमी, मातीत गुदमरून जास्त गेले असं जुनी माणसं सांगतात.

महारवाड्यात, मांगवाड्यात बहुतेक ठिकाणी माळवद नव्हतंच. आजी म्हणायची, "आपल्या अंगावर पडायला व्हतं काय? तुराट्याचा कूड अन् वर पत्र्याचं पान." हलकी घरं पडली, पण माणूस खालून निघाला. गरिबीनं जीव वाचवला, हे लिहिताना माझा हात थांबतो. कारण आजीची थोरली बहीण त्याच पहाटे गेली. तिच्या घरानं चार वर्षं ऊस तोडून पैसा जमवला होता आणि नवं माळवद घातलं होतं. गावात सगळ्यांसारखं दिसावं म्हणून.

तेव्हा कुणी असं समजू नये की आम्ही त्यांच्या मरणावर हसतो. मातीनं जात विचारली नाही. सामुदायिक सरणं रचावी लागली. वर पाऊस, लाकूड ओलं. जिथं सरणाला लाकूड पुरत नव्हतं तिथं वेगळी मसणवटी कोण सांभाळणार? मदतीचा ट्रक आला की रांग एकच. त्या रांगेत वरच्या आळीतली एक बाई, जिच्या घरी आजीला उंबऱ्याबाहेरून, वरून पाणी मिळायचं, तिनं आजीच्या हातातला तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. घटाघटा प्याली. आजी हसायची ती इथं.

पुढं नवं गाव बसल्यावर वरून पाणी परत सुरू झालं, हेही तिनंच सांगितलं. तेव्हाही ती हसायचीच.

नव्या गावाची गोष्ट अभ्यासानं वाचण्यासारखी आहे. 52 गावं पूर्ण उठवून दुसरीकडं बसवली. जागतिक बँकेचं कर्ज आलं. घरं कशी वाटली? भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, 1 ते 7 हेक्टरवाल्यांना 400, त्याच्या वर 750. भूकंपानं सगळे एका पातळीवर आणले आणि सातबारा बघून ते परत तीन पायऱ्यांवर बसवले! 250 च्या ओळीत मराठ्यांची, लिंगायतांची, मुसलमानांचीही गरीब घरं होती, हे प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. पण आपली माणसं दुसऱ्या कुठल्या ओळीत किती होती, ते तुम्हीच मोजा.

तरी आजी त्या 250 फुटांत पहिल्या रात्री झोपली नाही. भिंतीला हात लावून बसली. सिमेंटची भिंत. दारापुढं सरळ आखलेला रस्ता. आणि गावाला वेस नाही.

दुःखाच्या दिवशी आनंद ही आपल्याला नवी गोष्ट नाही. 16 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब मुंबईत दीक्षा देणार होते. 6 डिसेंबरला ते गेले. 7 तारखेला दादरला अंत्ययात्रा पोचली, आणि तिथंच, त्यांच्या देहासमोर, भदंत आनंद कौसल्यायन यांनी लोकांना दीक्षा दिली. सुमारे लाखभर माणसं. डोळ्यांत पाणी आणि तोंडात त्रिशरण. जगात कुठल्या अंत्ययात्रेत लोक नवा जन्म घेऊन घरी गेले असतील?

आजी शाळेत गेली नव्हती, पण तिला हे कळत होतं. 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला होता, आणि त्यापायी मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या होत्या. लातूर तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, किल्लारी आपल्याच जिल्ह्यात होती. सोळा वर्षं वाट पाहून मिळालेलं नाव भूकंपानंतर साडेतीन महिन्यांनी आलं. आजी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. बहिणीचं दुःख ताजं होतं. बातमी कळल्यावर तिनं मदतीत आलेला गूळ फोडला आणि शेडच्या सगळ्या ओळींत वाटला. त्या ओळींत 1978 ला गप बसलेली घरंही होती. कुणी घेतला, कुणी नाही. ज्यांनी घेतला नाही त्यांच्या दारात ती ठेवून आली.

यंदा 30 तारखेला आम्ही चौघं-पाचजण जुन्या गावात जाणार आहोत. तिथं आता बाभळी आहेत. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी सगळ्या आळ्यांतल्या मेलेल्यांची नावं एकत्र वाचायची, आळी न सांगता. उजाडल्यावर जिथं वेस होती तिथं बसून गूळ खायचा. कुणाला यायचं असेल तर आदल्या संध्याकाळी एसटीनं सास्तूर गाठा, पुढं चालावं लागेल. तिथं पाणी नाही. तांब्या घेऊन या.