दाताची कीड, कोंबडीचं रक्त आणि एक्स-रे

परवा आईला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. एकच दाढ ठणकत होती. डॉक्टरांनी स्क्रीनवर एक्स-रे दाखवला, काळ्या डागांवर बोट ठेवलं आणि चार दातांना रूट कॅनाल, वर कॅप असा २८ हजारांचा हिशेब हातात दिला. "आजच सुरू करू, नाहीतर पसरेल." बाहेर आल्यावर आई म्हणाली, "बाजारातली बाई पण दाखवायचीच की रे कीड."

माझ्या वयाच्या लोकांना ती बाई आठवत असेल. आठवडी बाजारात निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकायची, नळीनं तोंडात धुरी द्यायची आणि मग वाटीतल्या पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या दाखवायची. माणूस खुशीत पैसे देऊन घरी. आपण आजही 'दात किडला' म्हणतो, पण दातात अळी नसतेच. जिवाणूंनी तयार केलेलं आम्ल दात पोखरतं. त्या 'अळ्या' म्हणजे तापून फुटलेल्या बियांतले कोंब!

ही युक्ती आपल्याच बाजारातली, असं समजू नका. रोममध्ये पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस हा वैद्य खुरासनी ओव्याच्या बियांची धुरी सांगायचा. युरोपातल्या भोंदूंनी पुढे कित्येक शतकं त्यावर पोट भरलं.

त्यांचं बिंग फोडलं ते पॅरिसच्या पिएर फोशार यानं. आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणतात तो हाच. १७२८ साली त्याचा मोठा ग्रंथ आला. दातातल्या अळ्या त्यानं सूक्ष्मदर्शकातून शोधल्या, सापडल्या नाहीत. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त भारी वाटते. पुलांवर आणि चौकांत दात काढणारे ठग गर्दीत आपलाच माणूस पेरून ठेवायचे. त्याच्या तोंडात आधीच एक दात लपवलेला, पातळ पापुद्र्यात कोंबडीच्या रक्तासकट गुंडाळलेला. ठगानं नुसती काडी लावायची, की हा पापुद्रा चावून रक्त आणि दात बाहेर थुंकणार. वेदना शून्य! लोक लगेच रांगेत. खरा दात उपटला जायचा तो त्या रांगेतल्या गरिबाचा.

आता तीनशे वर्षं ओलांडून अमेरिकेत या. विस्कॉन्सिन राज्यातला डॉक्टर स्कॉट चार्मोली. २०१४ मध्ये त्यानं ४३४ कॅप बसवल्या, २०१५ मध्ये हजाराच्या वर. एका वर्षात गावाचे दात एवढे बिघडले? नाही. तो एक्स-रेवरची एखादी रेघ दाखवून पेशंटला तयार करायचा, ड्रिलनं दात स्वतःच फोडायचा, आणि मग त्या फुटक्या दाताचा फोटो काढून 'उपचाराआधीची अवस्था' म्हणून विमा कंपनीला पाठवायचा. कंपनी फोटो बघून पैसे देत राहिली. २०१९ मध्ये त्यानं दवाखाना विकला, घेणाऱ्यांनी जुन्या फायली चाळल्या, तेव्हा बिंग फुटलं. २०२२ मध्ये कोर्टानं ५४ महिन्यांची कैद दिली.

अळी, रक्त, फोटो. बिल लावणाराच पुरावा तयार करतो आणि तोच आपल्याला दाखवतो. आपलं तोंड आपल्याला आतून दिसत नाही, तिथंच सगळी गोची आहे. (सगळे डेंटिस्ट चोर, असं मी म्हणत नाहीये. कमेंटमध्ये भांडू नका. फोशार स्वतः दातांचाच डॉक्टर होता.)

तर आईला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, एका दाढेला रूट कॅनाल लागेल, बाकी तिघांना हात लावू नका, सहा महिन्यांनी बघू. आता खरं कोण? पहिल्या दवाखान्यात एक्स-रेची कॉपी मागायला गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, आम्ही ते पेशंटला देत नाही." सोमवारी परत जाणार आहे, या वेळी लेखी अर्ज घेऊन.