बॅलन्स स्टाफ: पॉकेट वॉचच्या दुरुस्तीतील अवघड जागा

पॉकेट वॉच फरशीवर पडले की बहुधा बॅलन्स स्टाफचे टोक तुटते. बॅलन्स स्टाफ म्हणजे बॅलन्सच्या चाकाचा पोलादी आस. त्याच्या दोन्ही टोकांना असलेल्या पिव्हटची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर, म्हणजे जाडसर केसाएवढी. एवढ्याशा टोकांवर फिरणारे चाक मात्र नेहमीच्या लीव्हर घड्याळात तासाला १८,०००, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके देते. पिव्हट जाड केला तर तो सहजी मोडणार नाही, पण घर्षण वाढून चाल बिघडेल. घड्याळदुरुस्ती शिकणाऱ्याची खरी परीक्षा या आसावर होत असे, ती यामुळेच.

लंडनच्या घड्याळकारांच्या संघाला पहिल्या चार्ल्स राजाने १६३१ मध्ये सनद दिली. उमेदवारी साधारण सात वर्षांची असे. पुढे क्लार्कनवेल भागात या धंद्याच्या इतक्या शाखा फुटल्या, की कोणी जन्मभर फक्त तबकड्या करी, तर कोणी केवळ माणकांना भोके पाडी. दुरुस्ती करणाऱ्याला ही चैन परवडणारी नव्हती. समोर येईल त्या घड्याळातला मोडेल तो भाग त्याला करता यावा लागे. स्वित्झर्लंडने या शिक्षणासाठी शाळा काढल्या: जिनिव्हात १८२४ मध्ये, ला शो-द-फाँला १८६५ मध्ये आणि ल लोक्लला १८६८ मध्ये.

नवा स्टाफ बसवायचा तर आधी जुना काढायचा. तो चाकात रिव्हेट केलेला असतो. नवशिका तो ठोकून काढू पाहतो आणि चाक वाकवून बसतो. जाणकार रिव्हेटची कड लेथवर छिलून घेतो. नव्या स्टाफसाठी पोलादाची बारीक सळई लाल तापवून पाणी देतात, मग घासून चकचकीत करून निळा रंग चढेपर्यंत, म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत, पुन्हा तापवतात. पाणी दिलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते, या दुसऱ्या आचेने त्याला चिवटपणा येतो. जुन्या पद्धतीत सळई दोन टोकांमध्ये धरून धनुकलीने फिरवत. डावा हात धनुकली ओढी, उजव्या हातात पटाशी. धनुकली खाली येताना कापायचे, वर जाताना पटाशी किंचित मागे घ्यायची. दोन हातांचा हा मेळ पुस्तकातून येत नाही. शेवटी पिव्हट जाको नावाच्या उपकरणाच्या खाचेत ठेवून बर्निशरने घोटतात. त्याने पृष्ठभाग दाबला जाऊन टणक होतो. दाब थोडा जास्त झाला, तर तासन्‌तासांचे काम क्षणात मोडते. नंतर चाक दोन समांतर धारांवर ठेवून तोल पाहतात. जी बाजू खाली येते, तिकडच्या स्क्रूचे वजन कणभर कमी करतात.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. १८५० च्या सुमारास सुरू झालेल्या आणि पुढे वॉल्थमला स्थिरावलेल्या कारखान्याने यंत्रावर एकसारखे भाग काढले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर स्विस अभियंते झाक डाव्हिड यांनी या अमेरिकन पद्धतीवर दिलेल्या अहवालाने स्विस कारखानदार हादरले. तयार स्टाफ आता मागवता येऊ लागला, तरी तो बसवताना थोडेफार घोटावे लागेच. ओहायोतील किप्टन येथे १८९१ मध्ये झालेल्या रेल्वे अपघाताचे खापर थांबलेल्या घड्याळावर फोडण्यात आले. मग घड्याळांचे जाणकार व्यापारी वेब बॉल यांनी रेल्वेच्या घड्याळांसाठी कडक नियम केले: आठवड्याला ३० सेकंदांहून अधिक फरक चालणार नाही. झिजलेल्या पिव्हटवर चालणारे घड्याळ या कसोटीला उतरणे कठीण. साहजिकच नियमित तपासणी आणि दुरुस्तीचे काम वाढले.

आस मोडूच नये, असाही प्रयत्न झाला होता. घड्याळकार ब्रेगे यांनी १७९० च्या सुमारास पॅरिसमध्ये पिव्हटखालचा खडा स्प्रिंगवर बसवला, म्हणजे धक्का स्प्रिंग झेलते. ही युक्ती सर्रास वापरात आली ती १९३४ च्या इन्काब्लॉकसारख्या यंत्रणांमुळे. तोवर घड्याळ खिशातून मनगटावर आले होते. स्टाफ मोडणे कमी झाले आणि नेहमीच्या दुकानांतून स्टाफ घडवण्याचे कामही ओसरले. जुन्या इंग्रजी घड्याळांना मात्र हा बदल लागू नाही. ती हाताने जुळवलेली असल्याने एकाचा स्टाफ दुसऱ्यात बसत नाही, आणि आजही तो लेथवर नव्यानेच करावा लागतो.