धुराच्या तक्त्यापासून तळहातावरील संवेदकापर्यंत

कलकत्त्याच्या गिरण्यांचा आणि कारखान्यांचा धूर आवरण्यासाठी 1905 साली बंगालमध्ये धूर-उपद्रवविषयक कायदा झाला. त्या काळी धूर मोजण्याचे जगमान्य साधन म्हणजे छापील तक्ता होता. फ्रेंच प्राध्यापक मॅक्सिमिलियां रिंगेलमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो तयार केला. त्यावर काळ्या रेषांच्या कमी-अधिक दाट जाळ्या असत. सुमारे पन्नास फुटांवरून पाहिले, की रेषा एकमेकींत मिसळून करड्या छटा दिसत. धुराड्यातून निघणारा धूर या छटांशी ताडून शून्य ते पाच यांपैकी एक आकडा नोंदवायचा, एवढेच काम. तक्ता कोणालाही वाचता आला असता. आकड्याला वजन मात्र सरकारी निरीक्षकाच्या नोंदीलाच होते.

स्वातंत्र्यानंतर उपकरणे बदलली, ही व्यवस्था फारशी बदलली नाही. 1981 च्या वायुप्रदूषण कायद्याच्या कलम 26 नुसार हवेचा नमुना घेण्याचा अधिकार राज्य मंडळाला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. विहित पद्धत पाळली नसेल, तर त्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा ठरत नाही. 1984-85 मध्ये आग्रा आणि अनपरा येथील सात केंद्रांपासून राष्ट्रीय हवामापनाचे जाळे विणले जाऊ लागले. या केंद्रांवर हवा गाळण-कागदातून ओढली जाते आणि कागदाचे वाढलेले वजन मोजले जाते. पद्धत काटेकोर आहे, पण मोजणी आठवड्यातून दोन दिवस. मध्यरात्री एखाद्या कारखान्यातून सुटलेला वायू या वेळापत्रकात सापडणे हा निव्वळ योगायोग.

हा योगायोग ज्यांच्या वाट्याला आला नाही, त्यांत तामिळनाडूतील कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीलगतचे ग्रामस्थ होते. 2004 साली त्यांनी मापन स्वतःच्या हाती घेतले. साधन होते बादली! हवाबंद झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत एक विशेष पिशवी बसवायची आणि बादलीतील हवा बाहेर खेचायची. त्या पोकळीमुळे बाहेरची हवा पिशवीत शिरते. ही युक्ती 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजाऱ्यांसाठी निघाली होती. ग्रामस्थ वास केव्हा आला, कसा होता, वारा कोठून वाहत होता, हेही टिपून ठेवीत. नमुने परदेशी प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा त्यांत वीसहून अधिक विषारी रसायने आढळली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने घातक कचऱ्यासंदर्भात नेमलेल्या देखरेख समितीने कडलूरला भेट दिली. वर्षानुवर्षे केवळ ‘वास येतो’ एवढेच सांगणाऱ्या माणसांच्या हाती रसायनांची नावे आली होती.

त्यानंतरच्या दशकात संवेदक स्वस्त झाले. तळहाताएवढ्या पेटीत एक पंखा, एक लेसर आणि प्रकाश टिपणारा घटक असतो. धूलिकणांवरून विखुरलेला प्रकाश मोजून त्यांचे प्रमाण काढले जाते आणि आकडा मोबाइलवर दिसतो. येथे वजन होतच नाही, वजनाचा अंदाज होतो. तंत्राची दुबळी बाजू नेमकी हीच. हवा दमट झाली, की कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात आणि संवेदक आहे त्याहून अधिक धूळ दाखवतो. हिवाळ्यातील गंगेच्या मैदानात किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर ही चूक क्षुल्लक म्हणता येत नाही.

म्हणूनच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी नोव्हेंबर 2020 ते मे 2021 या काळात मुंबई परिसरातील 15 केंद्रांवर देशी नवउद्योगांचे 40 संवेदक शासकीय यंत्रांशेजारी मांडले. दोहोंचे आकडे जुळवून दुरुस्तीचे गणित बसवणे हा हेतू. मोसमी पाऊस, म्हणजे दमटपणाची खरी कसोटी, सुरू होण्यापूर्वीच प्रयोगाचा कालावधी संपला, ही बाब निष्कर्ष वाचताना विसरू नये.

2015 च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक आला. केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर तो पाहता येतो आणि तेथेच प्रदूषणाची तक्रारही नोंदवता येते. कलम 26 खालचा नमुना मात्र आजही नेमलेल्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो.