यमुना ऊर्फ सुशीला

गेल्या महिन्यात आत्यासोबत वारसनोंदीसाठी चार हेलपाटे घातले. तिच्या शाळेच्या दाखल्यावर आणि आजोबांच्या वारसांच्या यादीत नाव आहे यमुना. आधार कार्डावर सुशीला. टेबलापलीकडच्या माणसाने विचारलं, "यातली यमुना कोण?" बहात्तर वर्षांची आत्या म्हणाली, "मीच की." पण कागदाला ते पटेना. घरी येताना माझ्या डोक्यात ते नावच घोळत राहिलं, म्हणून हे लिहितोय.

यमुना म्हणजे नदी, हे सगळ्यांना माहीत. पण पुराणात ती सूर्याची मुलगी आणि यमाची जुळी बहीण. ऋग्वेदात ती यमी. यम तिच्या घरी जेवायला गेला, तो दिवस यमद्वितीया, म्हणजे आपली भाऊबीज. थोडक्यात, हे नाव जितकं नदीचं, तितकंच बहिणीचं.

दोन पिढ्यांपूर्वी प्रत्येक आळीत एखादी यमू, यमी, यमुनाबाई असायचीच. गंगा, गोदा, कृष्णा, भीमाही असायच्या. गंमत अशी, की मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी, साप यांचं नाव असलेली मुलगी करू नये असा सल्ला आहे! आपल्या लोकांनी तो कधी मनावर घेतल्याचं दिसत नाही. रोहिणी, तुळसा, गोदावरी, मैना, सगळ्यांची लग्नं थाटात झाली. १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, ज्याला बरेच जण मराठीतली पहिली कादंबरी मानतात. विधवांचे हाल सांगायला त्यांनी नायिकेचं नाव निवडलं तेही यमुना. वाचणाऱ्याला ती घरातलीच वाटावी, इतकं ते नाव रुळलेलं होतं.

मग आपल्या इतिहासात यमुना फारशा का दिसत नाहीत? आहेत की. फक्त दुसऱ्या नावाने आहेत.

१८६५ साली कल्याणच्या जोश्यांकडे जन्मली ती यमुना. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या याच आनंदीबाई. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव दिलंय, पण तेही 'जोशी'. त्यात ना यमुना, ना आनंदी!

दुसरी १८६२ची, कुर्लेकरांची यमुना. अकराव्या वर्षी, १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं आणि ती रमा झाली. पुढे पुण्यात सेवासदन उभं करणाऱ्या आणि आपल्या संसाराच्या आठवणी लिहिणाऱ्या रमाबाई रानडे त्या याच.

तिसरी यमुना नव्हे, गोदावरी. बालविधवा गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला तेव्हा केवढा गहजब झाला! त्या काळात केवढं धाडस ते. आणि त्या धाडसी लग्नातही गोदावरीची आनंदीबाई झालीच. रूढीविरुद्ध उभ्या राहिलेल्या या माणसांना बायकोचं नाव बदलण्यात काही वावगं वाटलं नसावं. मी त्यांना दोष देत नाही, पण नोंद घेतो. जिची नाळ त्या नावाशी होती, तिला कुणी विचारलं का, एवढाच माझा प्रश्न.

आमच्याकडेही तेच झालं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने 'सुशीला' लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. आत्या सांगते, पहिले सहा महिने कुणी हाक मारली की ती मागे वळून बघायची, दुसरीच कुणी आहे का म्हणून.

बरं, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, देशाने २००५ मध्ये. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. चांगलंच झालं. पण ज्या बायांची दोन-दोन नावं होऊन बसलीत त्यांनी काय करायचं? माहेरचा हक्क माहेरच्या नावाने, ओळखपत्र सासरच्या नावाने, आणि मध्ये प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, हेलपाटे. अशा वेळी "कशाला कटकट, सही करून टाक हक्कसोडीवर" म्हणणारे नातेवाईक तयारच असतात. कितीतरी बहिणींनी कंटाळून सह्या केलेल्या मी पाहिल्यात.

आता यमुना नाव कुणी ठेवत नाही. नदीचं नाव हवं असलं तर रेवा किंवा शरयू. यमुना म्हटलं की आजी आठवते आणि त्यात 'यम' ऐकू येतो म्हणे.

आत्याने मात्र सही केली नाही. प्रतिज्ञापत्र झालंय, 'यमुना ऊर्फ सुशीला' असं. दोन साक्षीदार लागत होते. एक मी. दुसरी तिची वर्गमैत्रीण, वय त्र्याहत्तर, जी तिला आजही "यमे" म्हणून हाक मारते. पुढची तारीख सोमवारची आहे.