गिरणीतला डबा आणि न विचारलेली चूक

संशोधनाच्या तयारीत असाल तर आधी माझी फजिती ऐका. पहिल्या वर्षी 400 फायलींवर काम करणारा पायथन प्रोग्राम मी रात्रभर चालवला. सकाळी बघतो तर स्क्रीनवर एकही एरर नाही. खुशीत आलेख काढून गाईडना दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "नोंदी किती?" मोजल्या तर 341. उरलेल्या 59 फायली कुठे गेल्या? नेमक्या मोठ्या फायली गळाल्या होत्या, त्यामुळे सरासरीच चुकली होती.

आमच्या अहमदपुरात ज्वारीचा डबा गिरणीत ठेवून माणूस बाजार उरकायला जातो. मधेच गिरणीचा पट्टा तुटला, तर ते कळतं डबा आणायला गेल्यावरच. असिंक्रोनस कॉल असाच असतो. साध्या कॉलमधली चूक बोलावणाऱ्याकडे परत येते आणि ट्राय-कॅचमध्ये सापडते. इथे चूक होईपर्यंत तुमचा ट्राय-कॅच संपून गेलेला असतो. मग ती चूक द्यायची कोणाला?

'नंतर मिळणारं उत्तर' ही कल्पना 1976-77 च्या सुमारास आली. फ्रीडमन आणि वाइज यांनी तिला 'प्रॉमिस' म्हटलं, बेकर आणि ह्यूइट यांनी 'फ्यूचर'. चुकीचा प्रश्न नीट हाताळला तो 1988 मध्ये एमआयटीच्या बार्बरा लिस्कोव्ह आणि ल्युबा श्रीरा यांनी. त्यांच्या प्रॉमिसवर हक्क सांगितला की एकतर उत्तर मिळायचं, नाहीतर एक्सेप्शन. म्हणजे चूकही उत्तरासारखीच जपून ठेवलेली.

2002 च्या डॉटनेटमध्ये बिगिनइन्व्होकने काम सोपवायचं आणि एंडइन्व्होकने उत्तर घ्यायचं. आतली चूक एंडइन्व्होक केल्यावरच वर यायची. पायथनमध्ये 2011 साली आलेल्या फ्यूचर्सचंही तसंच: रिझल्ट मागाल तेव्हाच चूक समोर येते. मी सबमिट केलं होतं, रिझल्ट मागितलाच नव्हता!

मागायला कोणी आलंच नाही तर काय करायचं, यावर मात्र आजही एकमत नाही. 2010 च्या डॉटनेट 4 मध्ये कोणी न पाहिलेली चूक शेवटी अख्खा प्रोग्राम बंद पाडायची. 2012 च्या 4.5 मध्ये हा नियम सैल केला. उलट नोडने 2020 मध्ये, 15 व्या आवृत्तीपासून, न हाताळलेल्या चुकीवर प्रोग्राम थांबवायला सुरुवात केली. एकाला वाटतं काम चालू राहावं, दुसऱ्याला वाटतं खोटं चालण्यापेक्षा बंद पडलेलं बरं.

आपण संशोधकांनी दुसऱ्याच्या बाजूने उभं राहावं, असं माझं मत आहे. सोपवलेल्या प्रत्येक कामाचा रिझल्ट मागा, चूक कोणत्या फायलीत झाली ते लिहून ठेवा, आणि आलेख काढण्याआधी नोंदी मोजा. स्क्रीन गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं. कदाचित तुम्ही डबा आणायला गेलाच नसाल.