शेपटीची कडी



परवा दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि भाचीने मोबाईलवर एक जुना व्हिडिओ लावला. निळ्याकाळ्या आभाळातून एक पांढरं छोटं यान खाली येतंय, आणि त्याची शेपटी चक्क वर दुमडलेली! "मावशी, हे मोडलंय का?" तिने विचारलं. मोडलं नव्हतं. सगळी गंमत, आणि पुढचं दुःखही, त्या दुमडण्यातच आहे.

अवकाशात जाणं हे तोवर सरकारांचं काम होतं. 1996 मध्ये अमेरिकेत 1 कोटी डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. खासगी यानाने तिघांचं वजन घेऊन 100 किलोमीटर उंची गाठायची, तीही दोन आठवड्यांत दोनदा. पुढे इराणमध्ये जन्मलेल्या अनुशेह अन्सारी आणि त्यांचे दीर अमीर यांनी मोठी देणगी दिली, म्हणून त्याला अन्सारी एक्स प्राइझ नाव पडलं.

कॅलिफोर्नियातल्या मोजावे गावी बर्ट रुटान यांनी 'स्पेसशिपवन' बांधलं. पैसा पॉल ॲलन यांचा, 2 कोटी डॉलरहून जास्त. बक्षिसाच्या दुपटीहून खर्च! आपल्या घरच्या हिशेबात हे कधी बसलं नसतं. दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली अडकवून ते सुमारे 14 किलोमीटरवर न्यायचं, तिथे सोडायचं, मग इंजिन पेटवायचं. इंधन म्हणजे रबर, आणि ते जाळायला नायट्रस ऑक्साइड, दाताचे डॉक्टर वापरतात तोच वायू.

वर जाण्यापेक्षा उतरणं अवघड. रुटान यांनी पंखांचा मागचा भाग शेपटीसकट वर दुमडता येईल असा केला. मग यान बॅडमिंटनच्या फुलासारखं आपोआप सरळ होऊन, हवेत अडत अडत खाली येतं. 29 सप्टेंबर आणि 4 ऑक्टोबर 2004 च्या उड्डाणांनी बक्षीस जिंकलं.

मग प्रवासी नेण्यासाठी मोठं यान बांधायला घेतलं. 2007 मध्ये त्याच वायूच्या चाचणीत स्फोट होऊन तीन कामगार गेले. त्यांची नावं फारशी कुणी घेत नाही.

31 ऑक्टोबर 2014 ला चाचणी-उड्डाणात सहवैमानिक मायकेल अल्सबरी यांनी शेपटीची कडी काही सेकंद आधी काढली. वेग अजून ध्वनीच्याही खाली होता. शेपटी दुमडायचा दांडा कुणी ओढलाच नाही. हवेच्या दाबानेच ती वर फिरली आणि यानाचे तुकडे झाले. मुख्य वैमानिक पॅराशूटने वाचले, अल्सबरी गेले. वय 39, घरी दोन लहान मुलं.

"चूक त्यांचीच ना?" भाची म्हणाली. हात त्यांचा होता, खरं. पण सरकारी चौकशीने बोट ठेवलं ते यान बांधणाऱ्यांवर: एका माणसाची एक चूक होऊ शकते, हे त्यांनी धरलंच नव्हतं. आपल्या कुकरमध्ये वाफ असेपर्यंत झाकण निघत नाही. कुणीतरी आधीच ठरवून ठेवलंय की घाईत बाईचा हात चुकेल. तशी अटक या यानाला नव्हती. पुढच्या यानात ती बसवली, कडी वेळेआधी निघूच नये अशी.

10 ऑगस्ट 2023 ला त्या पुढच्या यानातून अँटिग्वाच्या कीशा शाहाफ आणि त्यांची कॉलेजात शिकणारी लेक अनास्तेशिया वर गेल्या. तिकीट त्यांना सोडतीत लागलं होतं. वर काही मिनिटं दोघी तरंगल्या, मग शेपटी दुमडली आणि न्यू मेक्सिकोच्या धावपट्टीवर सुखरूप उतरल्या.