भेदभावबंदी, नोकरीतील (भारत)

जात, धर्म, लिंग, अपंगत्व किंवा आजार यांवरून नोकरी, पगार वा बढती यांत दुजाभाव न करण्याची मालकावरील कायदेशीर जबाबदारी. भारतात यासाठी एकच सर्वसमावेशक कायदा नाही. घटनेची कलमे 14 ते 16 प्रामुख्याने शासन व सरकारी आस्थापनांना बांधतात. खासगी मालकावरची बंधने वेगवेगळ्या कायद्यांतून शोधावी लागतात.

यांत पगाराचा प्रश्न सर्वांत आधी तडीला लागला, निदान कागदावर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा समान वेतनाचा करार भारताने 1958 मध्ये स्वीकारला; कायदा मात्र 1976 मध्ये झाला. पगार सारखे करायचे म्हणून कोणाचाही पगार घटवता येणार नाही, हे त्यात मुद्दाम लिहिले होते. मालकांची नस ओळखणाऱ्या कोणीतरी हे कलम घातले असावे.

या कायद्याची खरी परीक्षा मॅकिनन मॅकेंझी विरुद्ध ऑड्री डी'कोस्टा (1987) या खटल्यात झाली. मुंबईतील या जहाज कंपनीत स्त्री स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. कंपनीचे म्हणणे असे, की साहेबांच्या दिमतीला असलेल्या ‘लेडी स्टेनों’चा वर्गच निराळा, त्या पदावर पुरुष नाहीतच, मग तुलना कोणाशी? शिवाय पगार युनियनशी झालेल्या करारानुसार ठरले होते आणि कंपनीची आर्थिक स्थितीही बरी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने यातले काहीच मानले नाही. काम सारखे आहे की नाही हे पदाच्या नावावरून ठरत नाही, आणि ऐपत नाही म्हणून बायकांना कमी पगार देता येत नाही, असा निकाल झाला. या कायद्याच्या तरतुदी पुढे वेतन संहिता, 2019 मध्ये घेण्यात आल्या. त्याआधी 1981 मध्ये एअर इंडियाचा, पहिल्या गरोदरपणी हवाई सुंदरीची नोकरी संपवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. मात्र रुजू झाल्यापासून चार वर्षे लग्न न करण्याची अट त्याच निकालात टिकली, हे सहसा सांगितले जात नाही.

लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कचेरीत अंतर्गत समिती सक्तीची केली. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा, अशी तिची रचना असते. समिती न नेमल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड होतो. अपंगांविषयीच्या 2016 च्या कायद्यानुसार समान संधीचे धोरण खासगी आस्थापनांनाही जाहीर करावे लागते. आरक्षण मात्र सरकारी नोकऱ्यांपुरतेच आहे. एचआयव्हीची चाचणी ही नोकरीची अट करण्यास 2017 च्या कायद्याने मनाई आहे.

जातीच्या बाबतीत बाजू लंगडी आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 नोकरीतील अडवणुकीला गुन्हा ठरवतो, पण ती अस्पृश्यतेच्या कारणावरून झालेली असेल तरच. मुलाखतीत आडनाव, मूळ गाव विचारून उमेदवाराला गाळले, तर त्याच्या हाती पुरावा म्हणून सहसा काहीच उरत नाही.